वॉशिंग्टन स्ट्रीट : भिंगांचा आणि आत्म्यांचा रस्ता

बॉस्टनला गेलेला मराठी माणूस बहुधा हार्वर्ड पाहतो, एमआयटी पाहतो आणि चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या तो धक्का पाहून परततो. ज्याला पायी हिंडायची हौस असते तो फ्रीडम ट्रेलही करतो. बॉस्टन कॉमनच्या हिरवळीपासून निघून बंकर हिलपर्यंत जाणारी ही लाल विटांची रेघ सुमारे ४ किलोमीटर लांब आहे. या रेघेवर ओल्ड साउथ मीटिंग हाउस आणि ओल्ड स्टेट हाउस यांच्यामध्ये वॉशिंग्टन स्ट्रीटचा एक तुकडा लागतो. गाइड तिथे स्वातंत्र्ययुद्धाच्या गोष्टी सांगतात. मी मात्र या तुकड्यावर १८६०च्या आसपासचा वेगळाच इतिहास शोधत हिंडलो. त्या काळी या रस्त्यावर काचेवर चित्र धरणाऱ्यांची, भिंगे विकणाऱ्यांची आणि मृतात्म्यांची वर्तमानपत्रे छापणाऱ्यांची दुकाने जवळजवळ होती, आणि छायाचित्रणाच्या इतिहासातली दोन मोठी आश्चर्ये इथे एकाच वेळी घडत होती.

त्या वेळचे पत्ते असे. १२९ क्रमांकावर जोसेफ बेट्स हा दुकानदार, ज्याने डॉ. ऑलिव्हर वेंडेल होम्स यांचा स्टिरिओस्कोप, म्हणजे जोडचित्र खोलीसकट दाखवणारे यंत्र, बनवून विकला. १५८वर ‘बॅनर ऑफ लाइट’ हे परलोकवाद्यांचे, म्हणजे मृतात्म्यांशी बोलता येते असे मानणाऱ्यांचे, साप्ताहिक. १७३वर जेम्स वॉलेस ब्लॅक, शहरातला नामांकित छायाचित्रकार. २५८वर श्रीमती स्टुअर्ट यांचा फोटो स्टुडिओ, जिथे विल्यम ममलर नावाच्या कोरीवकाम करणाऱ्या कारागिराने ‘आत्म्याचा’ पहिला फोटो काढला. आणि १३५वर, स्कूल स्ट्रीटच्या कोपऱ्याला, टिकनर अँड फील्ड्स ही प्रकाशन संस्था. ‘अटलांटिक मंथली’ हे मासिक त्यांच्याकडे होते. याच मासिकात डॉ. होम्स यांनी छायाचित्रणावर तीन विलक्षण निबंध लिहिले.

आज या क्रमांकांवर विसंबून चाललात तर फसाल. रस्त्याचे क्रमांक नंतर बदलले. टिकनर अँड फील्ड्सची विटांची इमारत शाबूत आहे, पण तिचा पत्ता आता २८३ वॉशिंग्टन स्ट्रीट असा आहे आणि तळमजल्यावर मेक्सिकन जेवण मिळते. बाकीचे बरेचसे १८७२च्या नोव्हेंबरमधल्या मोठ्या आगीने नेले. त्या आगीत शहराच्या मध्यभागातल्या सातशेहून अधिक इमारती जळाल्या. ओल्ड साउथ मीटिंग हाउस थोडक्यात वाचले. जळालेल्या भिंतींचे फोटो घ्यायला कॅमेरा घेऊन बाहेर पडला तो हाच ब्लॅक. म्हणून इथे हिंडताना दुकानांच्या काचांकडे पाहायचे आणि जुनी यादी मनात ठेवायची, एवढेच हाती राहते. मला तेवढेही पुरले, कारण अंतरे खरी आहेत. बेट्सच्या दुकानापासून ममलरच्या स्टुडिओपर्यंत रमतगमत गेले तरी काही मिनिटेच लागली असतील.

आता आधी भिंगांविषयी.

आपल्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटरचे अंतर असते. त्यामुळे समोरच्या वस्तूची दोन किंचित वेगळी चित्रे डोळ्यांत पडतात आणि त्या फरकातून मेंदू खोली जाणतो. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले प्राध्यापक चार्ल्स व्हीटस्टन यांनी हे १८३८च्या जूनमध्ये रॉयल सोसायटीपुढे प्रयोगाने दाखवले. त्यांनी दोन आरसे काटकोनात ठेवले, प्रत्येक डोळ्यापुढे एकेक रेखाचित्र आणले, आणि कागदावरच्या सपाट रेघांचा एकच घनाकार हवेत उभा राहिला. फोटोग्राफीची घोषणा तेव्हा व्हायची होती. ती पुढच्या वर्षी, १८३९मध्ये झाली. म्हणजे त्रिमिती चित्र पाहायचे यंत्र फोटोच्याही आधीचे आहे. ही गोष्ट मला अजून नवलाची वाटते.

स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८४९मध्ये आरसे काढून दोन भिंगे बसवली आणि यंत्र हातात मावेल अशा पेटीएवढे केले. पॅरिसच्या ज्यूल दुबॉस्कने ते सुबक बनवले. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात, क्रिस्टल पॅलेसमध्ये, व्हिक्टोरिया राणीला ते फार आवडले आणि मग युरोपभर त्याची हौस पसरली. १८५४मध्ये निघालेल्या लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनीने ते घरोघरी नेण्याचा चंगच बांधला. पिरॅमिड, आल्प्स, रोमचे भग्न वाडे, सगळे दिवाणखान्यात आले.

बॉस्टनही मागे नव्हते. साउथवर्थ आणि हॉज या इथल्या छायाचित्रकारांच्या जोडीने १८५५मध्ये एका अवाढव्य स्टिरिओस्कोपचे पेटंट घेतले. कपाटाएवढ्या त्या यंत्राची मूठ फिरवली की चांदीच्या पत्र्यावरची मोठमोठी चित्रे एकामागून एक समोर येत. पण हे यंत्र श्रीमंतांच्या दालनातले. ब्रूस्टरची पेटीही लाकडाची, बंदिस्त, महाग. ती सामान्यांच्या हातात जाण्याजोगी केली ती होम्स यांनी.

डॉ. होम्स हे हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेत शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक, कवी, फर्डे वक्ते. भूल देण्याला इंग्रजीत आज जे नाव आहे ते सुचवणारे तेच. १८५९मध्ये त्यांनी ‘अटलांटिक’मध्ये स्टिरिओस्कोपवर पहिला निबंध लिहिला. वस्तूचे रूप आता वस्तूपासून सुटे झाले आहे, तेव्हा या रूपांची मोठी ग्रंथालये उभी राहावीत, अशी कल्पना त्यांनी त्यात मांडली. १८६१च्या सुमारास त्यांनी स्वतः एक साधे यंत्र घडवले. कपाळाला टेकणारा पडदा, दोन भिंगे, खाली धरायला मूठ आणि पुढे कार्ड ठेवायची पट्टी, बस. पेटंट त्यांनी मुद्दाम घेतले नाही. ज्याला बनवायचे त्याने बनवावे. बेट्सने कार्ड मागेपुढे सरकवायची सोय केली आणि पुढची काही दशके अमेरिकेतल्या घरांत हेच यंत्र राहिले.

होम्स त्या काळी चार्ल्स स्ट्रीटवर राहत होते. बीकन हिलच्या पायथ्याचा हा रस्ता आज जुन्या वस्तूंच्या दुकानांसाठी ओळखला जातो. माझ्यासोबत माझी भाची होती. ती समरव्हिलला राहते आणि तिथल्या एका प्रयोगशाळेत काम करते. एका दुकानात आम्हाला होम्स पद्धतीचा स्टिरिओस्कोप मिळाला आणि शेजारच्या खोक्यात पुठ्ठ्याची कार्डे, प्रत्येक साधारण १८ सेंटिमीटर लांब. दुकानदारीण वयस्क होती. हात लावू का, असे विचारल्यावर तिने खुर्चीच पुढे केली.

“मामा, पट्टी हळूहळू सरकवा. एकदम दोन दिसतील, मग एक होईल,” भाची म्हणाली.

कार्ड माउंट ऑबर्न या केंब्रिजमधल्या दफनभूमीचे होते. सुरुवातीला दोन पिवळट फोटो दिसले. मग ते एकमेकांकडे ओढले गेले आणि क्षणात पुढची फांदी माझ्या नाकाशी आली, तिच्यामागे थडगे, त्याच्यामागे पायवाट, आणि पायवाट वळून खरोखर दूर गेली. लहानपणी ज्यांनी व्ह्यू-मास्टरच्या चकत्या फिरवल्या आहेत त्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल. पण व्ह्यू-मास्टरमधला गडद रंगीत देखावा बाहुलीघरासारखा भासतो, तर या तपकिरी चित्रात हवा होती. भाचीने यंत्र घेतले आणि बराच वेळ ती काही बोलली नाही. खोक्यात नायगाराची कार्डे होती, इजिप्तची होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंडरवुड अँड अंडरवुड या कंपनीने जेम्स रिकल्टन याच्या कार्डांचा ‘भारत’ संच काढला होता. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या घरीही अशा संचांतून आपला देश पोहोचला.

याच स्टिरिओस्कोपच्या बाजारात फोटोतल्या भुताचाही जन्म झाला.

ब्रूस्टर यांनी १८५६मध्ये स्टिरिओस्कोपवर पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी उघडपणे सांगितले की करमणुकीसाठी भूत कसे काढावे. त्या काळी काचेवर चित्र उमटायला काही सेकंद लागत. तेवढ्या वेळात कोणी मधूनच उठून गेले, तर त्याची अर्धवट, पारदर्शक आकृती राहते आणि तिच्याआरपार मागची खुर्ची दिसते. मग पांढरी चादर पांघरलेला माणूस थोडा वेळ उभा करावा आणि बाजूला घ्यावा, की झाले भूत. लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनीने ही कल्पना उचलली आणि ‘स्टिरिओस्कोपमधले भूत’ या नावाने कार्डे विकायला काढली. ब्रूस्टर यांच्या सूचनेवरून, असे त्यावर छापलेही. कार्डात टेबलाभोवतीचे लोक घाबरून मागे सरलेले असतात आणि मधोमध ती आरपार आकृती उभी असते. लोक ती कार्डे पाहून हसत. कशी केली हे सगळ्यांना ठाऊक होते, विकणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही.

हे सगळे १८६२च्या आधीचे आहे. म्हणजे ममलरने नवी युक्ती शोधली असे म्हणता येत नाही. युक्ती बाजारात खेळणे म्हणून मिळत होती. त्याने तिचे गिऱ्हाईक बदलले.

ममलर एका जवाहिऱ्याकडे नक्षी कोरायचे काम करी आणि रविवारी श्रीमती स्टुअर्ट यांच्या स्टुडिओत फोटोग्राफी शिकत असे. एकदा एकटा असताना त्याने स्वतःचाच फोटो काढला आणि काच धुतल्यावर खुर्चीशेजारी एका मुलीची धूसर आकृती दिसली. त्याने ती आपली सुमारे बारा वर्षांपूर्वी वारलेली चुलत बहीण असल्याचे सांगितले. आधी त्यालाही वाटले होते की काच नीट स्वच्छ झाली नसावी. हे फार शक्य होते. तेव्हाची पद्धत ओल्या काचेची : काचेवर कोलोडियनचा चिकट थर ओतायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकण्याआधी काळोख्या खोलीत नेऊन चित्र उमटवायचे. काचा महाग, म्हणून खरवडून पुन्हा वापरत. नीट न घासलेल्या काचेवर जुन्या गिऱ्हाइकाची पुसट छाया राहून जायची. हा दोष प्रत्येक फोटोवाल्याला माहीत होता.

पण १८६२च्या शरदात बॉस्टनमध्ये कोणीही कोणत्याही छायेला सहज दोष म्हणण्याच्या मनःस्थितीत नव्हते. यादवी युद्ध दीड वर्ष चालले होते. १७ सप्टेंबरला मेरीलँडमधल्या अँटिटम ओढ्याकाठी एका दिवसात दोन्ही बाजूंची मिळून सुमारे २३ हजार माणसे मेली, जखमी झाली किंवा हरवली. डॉ. होम्स यांचा मुलगा, जो पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला, त्या लढाईत मानेला गोळी लागून पडला. रात्री तार आली आणि बाप निघाला. आगगाड्या, घोडागाड्या, तात्पुरती इस्पितळे करत तो रणांगणापर्यंत पोहोचला, पडलेली माणसे, घोडे, विखुरलेले सामान यांमधून हिंडला, आणि शेवटी हॅरिसबर्गला मुलगा जिवंत सापडला.

ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला मॅथ्यू ब्रेडी या छायाचित्रकाराच्या दालनात अँटिटमच्या मृतांचे फोटो लागले. ते अलेक्झांडर गार्डनर आणि त्याचा साथीदार जेम्स गिब्सन यांनी काढलेले, आणि त्यातले बहुतेक स्टिरिओ पद्धतीचे. अमेरिकन लोकांनी आपल्याच रणांगणावरची आपलीच प्रेते फोटोत पाहिली ती याच प्रदर्शनात, आणि स्टिरिओस्कोपमधून पाहिली तर खोलीसकट. होम्स यांनीही ती चित्रे पाहिली. १८६३च्या जुलैमध्ये ‘अटलांटिक’मध्ये त्यांनी लिहिले की ती पाहणे म्हणजे पुन्हा त्या मैदानावर जाणेच होते, आणि म्हणून आपण ती कपाटाच्या आतल्या कप्प्यात ठेवून दिली. ज्या माणसाने जगाला घरबसल्या खोली पाहायचे यंत्र फुकट दिले, त्याला आपलेच यंत्र एका ठिकाणी सोसवले नाही. या तीन निबंधांत मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

याच निबंधात, थोड्या अंतराने, आत्म्यांच्या फोटोंचाही समाचार आहे. कसे करतात ते होम्स डॉक्टरी शांतपणे सांगतात. मग ते अशा आईबद्दल लिहितात जिचे बाळ गेले आहे. फोटोत कापडाच्या चुण्या आणि वर काहीतरी गोल धुरकट असले की तिला पुरते, कारण तिच्या डोळ्यांत पाणी असते. वाक्यात थोडा उपहास आहे, पण आईवर नाही. त्या आईसारखाच तोही काही महिन्यांपूर्वी तार हातात घेऊन उभा राहिलेला बाप होता.

वॉशिंग्टन स्ट्रीटवर उभे राहून मी भाचीला हे सांगत होतो. ती थांबली. म्हणाली, “मामा, पण मग ब्लॅकने काय केले? तो तर शेजारीच होता, आणि त्याला सगळे कळत होते.”

प्रश्न रास्त होता. ब्लॅक हा सामान्य फोटोवाला नव्हे. १८६०च्या ऑक्टोबरमध्ये तो सॅम्युएल किंगच्या बलूनमध्ये चढला आणि सुमारे १२०० फुटांवरून त्याने बॉस्टनचा फोटो काढला. आकाशातून घेतलेला आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना फोटो तोच. गरुडाला आणि रानहंसाला दिसते तसे बॉस्टन, हे त्याचे नाव होम्स यांनीच ठेवले. ममलरची कीर्ती ऐकून ब्लॅक त्याच्याकडे गेला. काच, रसायनाची टाकी, कॅमेरा, सगळे तपासून त्याने स्वतःचा फोटो काढून घेतला, काळोख्या खोलीतही नजर हलवली नाही, आणि तरीही खांद्याशी एक आकृती उमटली. तो अवाक् झाला, अशी हकिगत आहे. मात्र ती आपल्याला सविस्तर मिळते ममलरच्याच १८७५च्या आठवणींतून. तेवढ्या आधारावर मी ती मान्य करत नाही. एखादा वाकबगार माणूस एकदा चुकू शकतो आणि एखादा हुशार कारागीर आपल्या विजयाची गोष्ट रंगवूही शकतो.

मात्र त्या वेळी बॉस्टनमध्ये या बातमीने खळबळ माजली. ‘बॅनर ऑफ लाइट’ने ती देशभर नेली. पुढे ममलरची पत्नी झालेली हॅना स्टुअर्ट स्वतः माध्यम म्हणून प्रसिद्ध होती. रोग ओळखणे, आत्म्यांशी बोलणे असे तिचे काम चाले. ती हजर असली की आकृत्या चांगल्या उमटतात असे गिऱ्हाइके म्हणत. मग १८६३च्या सुरुवातीला एक अडचण उभी राहिली. ममलरच्या फोटोतला एक ‘आत्मा’ बॉस्टनमध्ये जिवंत हिंडत असलेला आढळला. काही दिवसांपूर्वी त्याच माणसाने तिथे फोटो काढून घेतला होता. ज्यांनी ममलरला पहिल्यांदा पुढे आणले ते डॉ. गार्डनर (छायाचित्रकार गार्डनर नव्हे) हे परलोकवादीच होते, आणि त्यांनीच ही फसवणूक जाहीरपणे मान्य केली. मला या माणसाबद्दल आदर वाटतो. आपल्या श्रद्धेला जपणारा माणूसच कित्येकदा तिच्यातली लबाडी आधी ओळखतो.

ममलर थंडावला, पण थांबला नाही. १८६८च्या सुमारास तो न्यूयॉर्कला गेला आणि ६३० ब्रॉडवेवर बस्तान बसवून एका बैठकीचे दहा डॉलर घेऊ लागला. साधा छोटा फोटो तेव्हा काही सेंटांत निघे. १८६९च्या एप्रिलमध्ये महापौरांच्या हुकमावरून एक अधिकारी खोटे नाव सांगून गिऱ्हाईक बनून गेला, मृत सासऱ्याचा म्हणून दिलेला चेहरा त्याला ओळखू आला नाही, आणि ममलरला पकडले. मग झालेली सुनावणी देशभर गाजली. बार्नम, म्हणजे पुढचा सर्कसवाला बार्नम, विरुद्ध साक्ष द्यायला आला. अब्राहम बोगार्डस या छायाचित्रकाराने त्याचा फोटो काढून मागे लिंकनचे भूत उभे करून दाखवले, कसलीही दैवी शक्ती न लागता. दुसऱ्या बाजूने माजी न्यायाधीश जॉन एडमंड्स आणि चार्ल्स लिव्हरमोर नावाचा बँकर आले. लिव्हरमोरने ममलरच्या फोटोत आपली मृत बायको ओळखली होती आणि तो त्यावर ठाम होता.

न्यायाधीश डाउलिंग यांनी ३ मे १८६९ रोजी सांगितले की लबाडी झाली याबद्दल त्यांची खात्री आहे, पण ती नेमकी कशी झाली हे फिर्यादी पक्षाला सिद्ध करता आले नाही. ममलर सुटला. ‘हार्पर्स वीकली’ने त्याचे फोटो मुखपृष्ठावर कोरून छापले. या सुटकेने त्याची झाली तेवढी जाहिरात क्वचितच कोणाची झाली असेल.

तिथून ममलर बॉस्टनला परतला आणि साउथ एंडमध्ये १७० वेस्ट स्प्रिंगफील्ड स्ट्रीटवर, सासूच्या घरी, त्याने पुन्हा काम मांडले. तिथे जायला ऑरेंज लाइनने मॅसॅच्युसेट्स अव्हेन्यू स्थानकावर उतरायचे आणि पाच-सात मिनिटे चालायचे. साउथ एंडचा हा भाग फार देखणा आहे. तांबूस विटांची एकमेकांना जोडलेली घरे, पुढे फुगलेल्या खिडक्या, रस्त्यावरून थेट पहिल्या मजल्यावर चढणाऱ्या दगडी पायऱ्या, पायऱ्यांना लोखंडी कठडे. लोक इथे राहतात, तेव्हा दारासमोर घोटाळत राहणे बरे नव्हे. आम्ही समोरच्या पदपथाने सावकाश चालत गेलो.

याच रस्त्यावर १८७२च्या सुमारास काळ्या कपड्यांतली, चेहऱ्यावर काळे जाळे घेतलेली एक स्त्री आली. तिने खोटे नाव सांगितले. फोटो काढायच्या क्षणीच तिने जाळे वर केले. ती मेरी लिंकन होती. अमेरिकेच्या अध्यक्षाची विधवा. १८५०मध्ये तिचा एडी गेला, १८६२मध्ये व्हाइट हाउसमध्ये विली गेला, १८६५मध्ये नाटक पाहताना शेजारी बसलेल्या नवऱ्याला गोळी लागली, आणि १८७१मध्ये टॅडही गेला. चार मुलांपैकी एकच उरला. ममलरने तिला दिलेल्या फोटोत ती समोर बसली आहे, आणि तिच्या मागे उभे असलेले लिंकन तिच्या खांद्यांवर हात ठेवून वाकले आहेत. तिचा आज ज्ञात असलेला शेवटचा फोटो हाच मानला जातो.

खोटे नाव सांगितल्यामुळे आपण ओळखले गेलो नाही असे तिला वाटले असेल. पण तो चेहरा देशातल्या प्रत्येक फोटोवाल्याच्या खिडकीत होता, आणि लिंकनचा तर विचारायलाच नको. मी या फोटोकडे जितक्या वेळा पाहतो तितका मला ममलरचा राग येतो. त्याच्या बाजूने असे म्हणतात की त्याने लोकांना दिलासा दिला. दिलासा दिला, खरे आहे. पण तो दहा डॉलरला विकला, आणि घेणारीला त्याची तपासणी करायची ताकद नव्हती हे जाणून विकला. ब्रूस्टरच्या कार्डातल्या चादरीच्या भुतात फसवणूक नव्हती. इथे होती.

आणखी एक फरक मला त्या चार्ल्स स्ट्रीटच्या दुकानातल्या यंत्रामुळे कळला. स्टिरिओ कॅमेऱ्याला दोन भिंगे असतात. त्यातल्या भुताला खोली यायची, तर कोणीतरी खरा माणूस त्या खोलीत, ठरावीक अंतरावर, काही क्षण उभा राहावाच लागतो. ब्रूस्टरच्या भुताला पाय आहेत, ते गालिच्यावर उभे आहे. ममलरचे आत्मे एका भिंगाचे, छोट्या पुठ्ठ्यावरचे. त्यांना अंतर नाही, पाय नाहीत. ते खांद्यामागे वाफेसारखे चिकटतात. भाचीने मोबाइलवर मेरी लिंकनचा फोटो मोठा करून पाहिला आणि लिंकनच्या बोटांकडे बोट दाखवले. ती खांद्यांच्या गोलाईवर बसत नाहीत.

बॉस्टनमध्ये परलोकवादाची सर्वांत भक्कम खूण मात्र बॅक बेमध्ये आहे. न्यूबरी स्ट्रीट आणि एक्सेटर स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर १८८५मध्ये फर्स्ट स्पिरिच्युअल टेंपल ही दगडी वास्तू उभी राहिली. किल्ल्यासारखी जाड भिंत, रोमनेस्क कमानी. ज्यांना प्लँचेटपलीकडे या चळवळीची कल्पना नाही त्यांनी ही इमारत पाहावी; किती पैसा आणि किती प्रतिष्ठित माणसे तिच्यामागे होती हे दगडांतच दिसते. १९१४पासून तिथे सिनेमागृह होते, ते १९८४पर्यंत चालले. पुढे पुस्तकांचे दुकान आले आणि नंतर शाळा. ममलरने ही वास्तू पाहिली नाही. तो १८८४मध्ये वारला. शेवटच्या वर्षांत त्याने फोटोवरून छपाईचे ठसे करण्याची एक पद्धत शोधली होती. वृत्तपत्रांतून फोटो छापता यावेत यासाठी तेव्हा जी धडपड चालू होती, तिच्यात या कारागिराचाही खरा वाटा आहे. हे काम त्याने आधीच धरले असते तर किती बरे झाले असते.

केंब्रिजला माउंट ऑबर्नला जायचे तर हार्वर्ड स्क्वेअरवरून बस मिळते. १८३१मध्ये सुरू झालेली ही अमेरिकेतली पहिली उद्यानवजा दफनभूमी. टेकड्या, तळी, मोठमोठे वृक्ष. होम्स १८९४च्या ऑक्टोबरमध्ये गेले आणि इथे त्यांना पुरले. त्याच सुमारास लेखक आर्थर कॉनन डॉयल व्याख्यानांसाठी अमेरिकेत आला होता. होम्सना एकदा पाहावे ही त्याची फार दिवसांची इच्छा होती. प्रत्यक्षात त्याला त्यांच्या ताज्या थडग्यावर पुष्पचक्र वाहावे लागले. पुढे पहिल्या महायुद्धानंतर, १९१८मध्ये मुलगा किंग्जली गेल्यावर, याच डॉयलने आत्म्यांच्या फोटोंची जाहीर बाजू घेतली आणि १९२२मध्ये विल्यम होप या इंग्रज फोटोवाल्याच्या समर्थनार्थ पुस्तक लिहिले. १८६३चा निबंध त्याला माहीत नसेल असे मला वाटत नाही, कारण त्याने होम्स प्रेमाने वाचले होते. पण होम्सना मुलगा परत मिळाला होता. डॉयलला नाही.

ज्यांना मूळ चित्रे पाहायची आहेत त्यांच्यासाठी थोडी माहिती. ममलरच्या फोटोंचा चांगला संग्रह बॉस्टनमध्ये नाही, लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे. मेरी लिंकनचा फोटो इंडियानातल्या फोर्ट वेनच्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या लिंकन संग्रहात आहे. साउथवर्थ आणि हॉजचा तो कपाटाएवढा स्टिरिओस्कोप न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला, जॉर्ज ईस्टमन संग्रहालयात. स्टिरिओ कार्डांसाठी मात्र प्रवासाची गरज नाही. बॉस्टन पब्लिक लायब्ररी आणि वॉशिंग्टनची लायब्ररी ऑफ काँग्रेस यांनी हजारो कार्डे संकेतस्थळांवर मोफत ठेवली आहेत, आणि गार्डनरची अँटिटमची कार्डेही त्यांत आहेत. यंत्र नसले तरी चालते. मोबाइलच्या पडद्यावर जोडचित्र लहान करा, दोन्ही चित्रांच्या मध्यांतले अंतर सहा सेंटिमीटरच्या आत ठेवा, पडदा हातभर दूर धरा आणि चित्राच्या पलीकडे, दूर भिंतीकडे पाहावे तशी नजर सैल सोडा. दोनाची तीन चित्रे होतील. मधल्यावर लक्ष द्या, आणि पहिल्यांदा नायगारा किंवा बागा घ्या. अँटिटमकडे सवय झाल्यावर जा.